गोदामाच्या भिंतीवरचे हात

सांगली
१२ जानेवारी १९७८

दादा,

आप्पा माझा लेख ऐकता ऐकता मधेच उठून का गेले, हे मला अजून कळलेलं नाही. आईला विचारलं, तर म्हणाली, "म्हशीला पानी दावायचं असंल." म्हशीला पाणी मीच दाखवून आले होते.

हे पत्र हुबळीच्या पेंटरच्या दुकानाच्या पत्त्यावर टाकते आहे. तीन वर्षांत तुझं एकच कार्ड आलं, त्यावर तोच पत्ता होता. तू तिथं आहेस की नाहीस, माहीत नाही. तू घर का सोडलंस यावर घरात कुणी बोलत नाही, म्हणून मीही विचारत नाही. बातमी तेवढी कळवते.

मी बी.ए. झाले. आपल्या घरातली पहिली. आता सांगलीला सहकारी संघाच्या मासिकात नोकरीला आहे, तात्पुरती. काम माझ्या आवडीचं आहे. सातारा-सांगलीकडच्या चालू गिरण्या, कारखाने, गोदामं यांच्या भिंतींवर जी मोठाली चित्रं रंगवलेली असतात, त्यांचे फोटो काढायचे आणि दर महिन्याला एका भिंतीवर लिहायचं. सदराचं नाव मीच सुचवलं, 'बोलक्या भिंती'. ऑफिसचा कॅमेरा गळ्यात अडकवून एस.टी.नं फिरते. फिल्मच्या एका रोलात बाराच फोटो निघतात, म्हणून प्रत्येक भिंतीपुढे बराच वेळ उभी राहते. लोकांना वाटतं, बाई वाट चुकली.

पहिली भिंत तुझी निवडली. आपल्या साखर कारखान्याचं गोदाम, रस्त्याकडची बाजू. खांद्यावर उसाची मोळी घेतलेला शेतकरी, गोदामाएवढा उंच. तू तो काढलास तेव्हा मी आठवीत होते. आप्पांना मोळी देऊन तू अंगणात उभं केलं होतंस आणि त्यांची मान अवघडली होती. कारखान्याचे शेअर गोळा करायला आप्पांनी सायकलवरून गावंच्या गावं पालथी घातली होती. म्हणून पहिल्या संचालकांनीच तुला सांगितलं होतं, शेतकऱ्याचं तोंड काढायचं तर तुझ्या वडिलांचं, बाळगोंडाचं काढ.

एस.टी. पलीकडच्या फाट्यावर सोडते, त्यामुळे इतक्या वर्षांत मी कारखान्याकडे फिरकलेच नव्हते. गेल्या महिन्यात गेले, तर चित्राला तोंड नाही. धोतर तेच, मोळी तीच, कडबाकुट्टीच्या यंत्रात सापडून वाकडी झालेली आप्पांची करंगळीसुद्धा तशीच. मानेच्या वर मात्र पांढरा स्वच्छ अंडाकृती डाग.

मी हबकलेच. तेवढ्यात कारखान्याचे प्रसिद्धी अधिकारी हंबीरराव आले. म्हणाले, "ताई, ते मुद्दाम तसं ठेवलंय. एकाच सभासदाचं तोंड कशाला? येता-जाता प्रत्येकानं त्यात आपलं तोंड बघावं."

मला ते फार पटलं. मी लिहिलं, 'ज्याला चेहरा नाही, तो शेतकरी सर्वांचा आहे.' लेख छापून आला. तो आप्पांना वाचून दाखवत होते आणि नेमकं या वाक्याला ते उठले.

चित्र तुझं आहे. ही कल्पनाही तुझीच का? असेल तर मला अभिमान वाटेल. लिही.

तुझी
चंदा

---

सातारा
२८ जानेवारी

दादा,

उत्तर नाही. तरी लिहिते, कारण हे मला दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही.

सांगलीच्या एका तेलगिरणीच्या भिंतीवर लक्ष्मी आहे. तिच्या हातातून नाणी पडतात, ती थेट तेलाच्या डब्यात. चित्र चांगलं आहे, डोळे तर जिवंत वाटतात. पण लोक तिथं लघवीला बसायचे, ते बसू नयेत म्हणून मालकानं देवी काढून घेतली. लोक बसायचे थांबले नाहीत. नुसते दोन हात बाजूला सरकले, तिच्या कमळाशी. तोंडाला पदर लावून मी फोटो काढला. पलीकडून हमाल ओरडला, "बाई, आमचाबी काढा की, लगीन ठरंना झालंय." बाकीचे हसले. त्या वासात उभं राहून ते डबा उघडून जेवत होते.

मासिकात मी या भिंतींना लोकांची कला म्हणते. लिहिताना तसं वाटतं. भिंतीसमोर उभी राहिले की किळस येते.

काल मेढ्याला गेले होते. तिथल्या सहकारी भातगिरणीच्या भिंतीवर कोट-टोपीतला एक माणूस आहे, वासराच्या पाठीवर हात ठेवलेला. त्यालाही तोंड नाही. मला आधी आनंद झाला, की आपल्या गोदामावरचा विचार घाट चढून इथवर आला. कोंडा पाखडणाऱ्या साळूबाईंना विचारलं, "मावशी, याला चेहरा का नाही?"

"मागल्या साली हुता की. मिशा हुत्या."

"मग?"

"आता दुसऱ्याचा येनार."

"दुसऱ्या कुणाचा?"

"त्ये आमाला इचारून ठरवत्यात व्हय?" असं म्हणून त्यांनी सुपातला कोंडा माझ्याच बाजूला उडवला.

हे मी टिपून घेतलं. त्याचा अर्थ लावायला मात्र मन घेईना. तो माणूस वासराला थोपटत होता आणि त्याचं डोकं जाग्यावर नव्हतं. परतीच्या गाडीत मी डोळे मिटून बसले.

चंदा

---

खंडाळा
४ फेब्रुवारी

धरणेंद्र,

'दादा' लिहायला हात धजत नाही आज.

शिरवळला सहकारी पशुखाद्य गिरणी आहे. तिच्या भिंतीवर परांचीवर चढलेला ज्ञानू पेंटर भेटला. डोळ्यांना काळा चष्मा, गळ्यात लाल फडकं, तोंडात पान. खाली यंत्र धडधडत होतं, पेंडेची भुकटी उडून ओल्या रंगावर बसत होती आणि तो वरून शीळ घालत होता. चित्रात एक पुढारी यंत्राचं बटण दाबतोय. चेहऱ्याच्या जागी पांढरा डाग.

मी खालून विचारलं, "चेहरा राहिला का हो?"

"राह्यला न्हाई ताई, ठेवलाय. रविवारी निकाल हाय. जो निवडून यील त्येचं तोंड बसवायचं."

"आणि आधीचा?"

"त्यो उभाच न्हाई. त्येचं घासून टाकलं." पिंक टाकून तो उतरला. कौतुकानं बघणारं कुणी भेटलं याचा त्याला आनंद झाला होता. "ह्यात लय गंमत हाय ताई. धड पक्कं करायचं, तेलरंगात. तोंडाच्या जागी नुसता पांढरा हात द्यायचा आणि वरनं पातळ रंग. पॉलिश पेपर मारला की संध्याकाळपतुर साफ. धड पक्कं, तोंड कच्चं. न्हाईतर दर इलेक्शनला आख्खी भिंत कोन रंगवून घेनार?"

"सगळीकडे असंच करतात?"

"आता करत्यात. पयलं न्हवतं. ही युक्ती आमच्या उस्तादाची. धरणेंद्र पेंटर, सांगलीकडचा. जैन मानूस, अंड्याला शिवायचा न्हाई, पर हात असा साफ की काय सांगू. पयलं तोंड त्यानं सोताच्या बापाचं घासलं. साखर कारखान्याच्या गोदामावर. घासून झाल्यावर तिथं चेरमनचं बसवलं, त्याच धडावर. मी शिडी धरली हुती."

मी त्याला सांगितलं नाही, मी कोण ते. त्यानं विचारलं, "ताई, फोटू काढताय न्हवं?" मी काढला.

म्हणजे तीन वर्षं आपल्या गोदामावर चेअरमनच्या तोंडाखाली आप्पांचे हात होते. त्या वाकड्या करंगळीसकट. आता निवडणूक आली म्हणून तेही तोंड घासलं असणार. आणि मी छापून आणलं की ज्याला चेहरा नाही तो सर्वांचा. त्या वाक्यावर संघाच्या अध्यक्षांनी माझं कौतुक केलं होतं. तेही मेढ्याच्या चित्रातल्यासारखाच कोट घालतात. त्यांचंही धड कुठल्या तरी भिंतीवर पक्कं असेल.

आज जेवण गेलं नाही.

चंदनबाला

---

घरून
२० फेब्रुवारी

दादा,

रजा काढून आले. आप्पांना विचारायचं धाडस झालं नाही, म्हणून आधी कारखान्यावर गेले. गेटवर बिराप्पा आहेत, तेच, पलटणीतून आलेले. मी विचारलं, "बिराप्पामामा, दादानं आप्पांचं तोंड घासलं, तेव्हा तुम्ही इथं होता?"

त्यांनी मला गेटाच्या आत घेतलं. मग म्हणाले, "पोरी, म्या तर हुतोच. तुझा बा बी हुता."

तुला हे ठाऊक असणारच, तरी मी लिहिणार आहे. तुझ्या कानावर कुणीतरी एकदा घातलंच पाहिजे.

त्या दिवशी आप्पा उसाची गाडी घेऊन आले होते. पुढच्या गेटाच्या गाड्यांची रांग गोदामासमोरच लागते. रांग सोडली की नंबर जातो, ऊस वाळतो. आप्पा जुवाजवळ बसले होते आणि समोर शिडीवर तू. सकाळपासून. गाडी पुढं सरकेना. आधी त्यांचं कपाळ गेलं, मग डोळे. रांगेतले गाडीवान बघत होते. कुणीतरी म्हणालं, "बाळगोंडा, पोरगं तुझं तोंड धुतंय बघ." मग अख्खी रांग हसली. बिराप्पा म्हणाले, "मला वाटलं, गाडी सोडून घरला जाईल. न्हाई गेला. नंबर हुता न्हवं त्येचा."

"दादानं बघितलं त्यांना?"

"एकडाव मान वळवली. मंग परत घासाय लागला."

घरी येऊन आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती, थांबली नाही. म्हणाली, "मला ठावं हाय. दिस बुडायच्या आत जेवावं म्हनून डबा धाडला हुता. तसाच माघारी आला. मी म्हनलं, उपास धरलाय का? तर म्हनले, आज दिस लवकर बुडला."

तेव्हापासून आप्पा कारखान्याला गाडी नेतात ती ओढ्याच्या वाटेनं, मागच्या गेटातून. लांब पडतं, बैलांना चढ लागतो. गावाला सांगतात, पुढचा रस्ता खडीचा आहे.

शेवटी आई म्हणाली, "त्येला लिव्हतीस न्हवं? ये म्हनावं. लय दिस झालं." तिचा हा निरोप मी जसाच्या तसा पोचवते आहे. माझा म्हणून नाही.

इलेक्शन झालं. जुनं पॅनेल पडलं, नवं आलं. गुलाल गोदामाच्या भिंतीवर आप्पांच्या गुडघ्यापर्यंत उडाला आहे.

चंदा

---

सांगली
१९ मार्च

दादा,

तुझं कार्ड मिळालं. तीन वर्षांनी चार ओळी.

लिहितोस, चेअरमन म्हणाले होते, तू घासत नसशील तर दुसऱ्याकडून छिन्नीनं खरवडून घेतो. म्हणून तूच घासलंस, हलक्या हातानं. हात मुद्दाम ठेवलेस, आप्पांचं काहीतरी राहावं म्हणून. आणि पुढं लिहितोस, नव्या चेअरमनचं तोंड बसवायला हंबीररावांनी मेअखेर बोलावलंय, त्या निमित्तानं घरी येईन म्हणतो, आप्पांना विचार.

मी विचारलेलं नाही. काय विचारू? तुमच्या धडावर दुसरं तोंड बसवायला दादा येतोय, मुक्कामाला घरी येऊ दे का? हलक्या हातानं घासलंस हे खरं असेल. हलक्या हातानं घासायला वेळ जास्त लागतो, एवढंच मला दिसतं. तो सगळा वेळ आप्पा समोर होते.

आता माझं ऐक. परवा हंबीरराव आमच्या ऑफिसात आले. एप्रिलात हंगामसमाप्तीचा समारंभ आहे, तेव्हा स्मरणिका निघणार. मुखपृष्ठावर गोदामाच्या भिंतीचा माझा फोटो हवा, पण तुझं काम होईपर्यंत थांबायला वेळ नाही. त्यांनी खिशातून नव्या चेअरमनचा फोटो काढून टेबलावर ठेवला.

"एवढं तोंड बसवून द्या, ताई."

मी म्हटलं, "तुम्ही तर म्हणाला होता, प्रत्येकानं आपलं तोंड बघावं."

ते हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. "ते लेखात शोभतं. छान लिवलं हुतं तुमी. आवं, तुमच्या भावानं ह्योच धंदा केला. त्यानं भिंतीवर केलं, तुमी कागदावर करा. कारखान्याच्या ऑफिसात कायमची जागा निघतीय, मी शब्द टाकलाय."

कायमची जागा. आईला कळलं तर ती पुन्हा गावभर पेढे वाटेल.

आणि आता जे लिहिते ते फक्त तुलाच समजेल. मासिकाचे फोटो धुतात त्या स्टुडिओच्या डार्करूममध्ये मी बसले. चेअरमनचं डोकं त्या पांढऱ्या डागाएवढं मोठं करून घेतलं. कात्रीनं कडा कापल्या. उजेड दोन्ही फोटोंत डावीकडून होता, तो जुळला. मान बसेना, कॉलर आडवी येत होती, ती नखानं खरवडली. आणि मान बसली. बसली तेव्हा मला बरं वाटलं, दादा. काम जमल्यावर वाटतं तसं. क्षणभर आप्पा आठवले सुद्धा नाहीत.

मग खाली ती करंगळी दिसली.

मी बाहेर येऊन मोरीवर नखं घासत बसले. लक्ष्मीपाशी, मेढ्याला, शिरवळला जी किळस वाटली ती दुसऱ्यांची होती. ही माझ्या नखात होती. तुलाही तेव्हा असंच जमल्याचं बरं वाटलं होतं का? कार्डावर ते लिहिलेलं नाहीस.

फोटो हंबीररावांना दाखवला. "बेस्ट," म्हणाले. "छपाईचा ब्लॉक करायला धाडा."

चंदा

---

सांगली
२४ एप्रिल

दादा,

मेअखेर येऊ नकोस. त्या कामासाठी तरी नको. ते काम राहिलेलं नाही.

परवा समारंभ झाला. मांडवात आप्पा सभासदांच्या रांगेत बसले होते, मी बायकांत. स्मरणिका वाटल्या तेव्हा भाषण चालू होतं. मधल्या रांगांतून आधी कुजबुज उठली, मग कुणीतरी हसलं, मग बरेच जण मान वळवून आप्पांकडे बघू लागले. या वेळचं हसणं त्यांच्यावर नव्हतं. व्यासपीठावर चेअरमननी प्रत उघडली आणि मिटली. हंबीरराव मांडवातून फिरत लोकांच्या हातातल्या प्रती मागायला लागले, "चुकीची छापली, बदलून देतो." लोक धोतराखाली घालून बसले. एक म्हातारा म्हणाला, "राहू द्या की सायेब, आमची करंगळी बी बघू द्या."

हंबीरराव मला मांडवाच्या मागं भेटले. "शिकलेली पोर म्हनून इश्वास टाकला," म्हणाले. "बापाला तरी इचारायचं." ती कायमची जागा अर्थातच गेली. संघाच्या ऑफिसातूनही आज सांगितलं, 'बोलक्या भिंती' बंद. कॅमेरा मी जमा केला. खोलीचं भाडं या महिन्यापुरतं आहे, पुढचं बघेन. एका शाळेत अर्ज केलाय.

काल सकाळी त्यांनी गोदामाची सगळी भिंत चुन्यानं पांढरी करून घेतली. धोतर, मोळी, हात, सगळं. मी बघायला गेले होते. आप्पांचे हातही गेले, तू ठेवलेले. याचं मला वाईट वाटलं, हे कबूल करते. हे माझ्यामुळे झालं. पण दुसऱ्याचं तोंड घेऊन जगण्यापेक्षा ते गेले हे मला चालेल, आणि आप्पांना चालेल की नाही हे मी त्यांना आधी विचारलं नव्हतं. तूही विचारलं नव्हतंस.

आता आप्पांचं सांगते. समारंभाहून आम्ही बैलगाडीनं परत निघालो. गेटापाशी बैल सवयीनं ओढ्याकडे वळायला लागले, तर आप्पांनी कासरा ओढला आणि गाडी पुढच्या रस्त्यानं घातली, गोदामासमोरून. घरी आल्यावर चष्मा लावून त्यांनी मुखपृष्ठ जवळ धरलं. फोटोखाली दोन ओळी होत्या; ते अक्षर अक्षर लावत वाचतात, तुला माहीत आहे. पहिली वाचली. दुसरीशी आले तेव्हा मी स्वयंपाकघरात गेले, कारण त्या ओळीत तू होतास. बऱ्याच वेळानं त्यांनी हाक मारली.

"चंदे, ह्यो लेख बरा झाला."

आणि थोड्या वेळानं आईला म्हणाले, "त्येला घर ठावं हाय न्हवं?" आई रडत होती, म्हणून उत्तर मी दिलं. म्हटलं, ठाऊक आहे.

तेव्हा यायचं तर ये. मी तुला माफ केलेलं नाही. त्यासाठी येऊ नकोस.

सोबत स्मरणिकेची एक प्रत पाठवते. ब्लॉक करायला मी चिकटवलेला फोटो दिला नाही, तो फाडला. भिंत जशी होती तशीच दिली, पांढऱ्या डागासकट. छपाईच्या आदल्या दिवशी प्रेसमध्ये गेले आणि कंपोझिटरशेजारी उभं राहून फोटोखालच्या दोन ओळी खिळ्यांत जुळवून घेतल्या. तो म्हणाला, "दुसरी ओळ नक्की ठेवायची का ताई? वरच्या ओळीतलं आडनाव तर तुमचंच आहे." मी म्हटलं, ठेवा. त्या अशा आहेत :

हात : बाळगोंडा सातगोंडा पाटील, सभासद.
चित्र काढणारा आणि चेहरा पुसणारा : त्यांचा मुलगा, धरणेंद्र.

चंदा